कॉर्नफ्लेक्स कुणाचे? आणि पाकिटावरचा 'जैन' कुणाचा?



'पोहे' हा शब्द कुणाच्या मालकीचा, असं कुणी विचारलं तर आपण हसून सोडून देऊ. पोहे सगळ्यांचे. पण 'कॉर्नफ्लेक्स' कुणाचे, असं विचारलं की जरा अडखळायला होतं. डोळ्यांपुढे लगेच कोंबड्याचं चित्र असलेलं एक खोकं येतं. खरं पाहिलं तर वाण्याकडून सुटे आणून आपण ज्यांचा चिवडा करतो ते मक्याचे पोहे आणि दुधात घालून खायचे ते कॉर्नफ्लेक्स एकाच कुळातले. मग एकाला मालक नाही आणि दुसऱ्याला आहे, असं का वाटतं?

ते तसं वाटावं म्हणून अमेरिकेतल्या कंपन्यांनी शंभर-सव्वाशे वर्षं पैसा ओतला आहे आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. या भांडणांबद्दल मी गेले काही दिवस वाचते आहे. आधी गंमत म्हणून वाचलं, मग लक्षात आलं की यात आपल्या कामाचं बरंच आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी घरून खाकरे, चिवडा, मेतकूट, मसाले विकतात आणि पाकिटावर नाव छापतात. बाकीच्या आपण ती पाकिटं पुढची बाजू बघून विकत घेतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. पदार्थाचं नाव कुणी अडवू नये. करणारीने स्वतःचं नाव मात्र जपावं. आणि पाकिटावर 'जैन' छापलं म्हणून आत काय आहे याची खात्री होत नाही. ती खात्री देणारी खूण आपण समाज म्हणून तयार करायला हवी.

आरोग्यधामातला नाश्ता

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बॅटल क्रीक नावाचं गाव आहे. तिथे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १८६६ मध्ये एक आरोग्यधाम काढलं. या पंथात शाकाहाराला मोठं महत्त्व, दारू-तंबाखू वर्ज्य. १८७६ मध्ये डॉ. जॉन हार्वे केलॉग तिथले प्रमुख झाले. सकाळी उठून मांस खाणाऱ्या लोकांना धान्यावर आणायचं, हा त्यांचा ध्यास. त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी धाकटे भाऊ विल कीथ केलॉग तिथला हिशेब आणि कारभार बघायचे.

नावाचं पहिलं भांडण कॉर्नफ्लेक्सच्याही आधीचं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिलमध्ये जेम्स केलेब जॅक्सन नावाच्या डॉक्टरांनी १८६३ मध्ये गव्हाच्या जाड पिठाच्या भाजलेल्या कण्यांचा एक पदार्थ केला होता. तो इतका कडक की रात्री भिजत घालावा तेव्हा सकाळी चावता यायचा. त्याचं नाव 'ग्रॅन्युला'. केलॉगनी आपल्या रुग्णांसाठी तशाच कण्या केल्या आणि नावही तेच ठेवलं. जॅक्सन यांनी हरकत घेतल्यावर नाव किंचित बदलून 'ग्रॅनोला' केलं. आज आपल्याकडच्या मॉलमध्ये महागड्या बरणीत दिसतो तो ग्रॅनोला शब्द असा भांडणातून जन्मला.

पुढे १८९४ च्या सुमारास शिजवून ठेवलेला गहू रुळांतून काढताना त्याचे पातळ पापुद्रे निघाले. ते भाजल्यावर कुरकुरीत झाले. रुग्णांना आवडले. गव्हानंतर मक्यावर तोच प्रयोग झाला. जीवहिंसा नको, पोटाला हलकं हवं, या विचारातून निघालेला हा पदार्थ आपल्याला परका वाटू नये असा होता. पण मग त्यात पैसा दिसला.

एक आडनाव, दोन भाऊ

चार्ल्स विल्यम पोस्ट हे १८९१ मध्ये याच आरोग्यधामात रुग्ण म्हणून आले होते. तिथलं खाणंपिणं त्यांनी नीट पाहिलं आणि गावातच कारखाना टाकला. १८९५ मध्ये कॉफीऐवजी प्यायचं 'पोस्टम' आणलं, १८९७ मध्ये 'ग्रेप-नट्स'. गंमत बघा, ग्रेप-नट्समध्ये द्राक्षंही नाहीत आणि सुका मेवाही नाही. गहू आणि सातूचा तो पदार्थ. पण नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि पोस्ट श्रीमंत झाले. त्यांचं बघून बॅटल क्रीकमध्ये डझनावारी कारखाने उभे राहिले. सगळ्यांचा माल थोड्याफार फरकाने तोच, बदलायचं ते फक्त खोकं आणि नाव.

विल केलॉग यांना हे सगळं डोळ्यांदेखत दिसत होतं. भाऊ धंदा वाढवू देईना. शेवटी १९०६ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली, 'बॅटल क्रीक टोस्टेड कॉर्न फ्लेक कंपनी'. आता 'टोस्टेड कॉर्न फ्लेक' म्हणजे काय, तर भाजलेले मक्याचे पोहे. उद्या मी 'भाजलेले शेंगदाणे' नावाची कंपनी काढली तर शेजारणीला शेंगदाणे भाजायला बंदी थोडीच करता येणार? विल यांची अडचण तीच होती. म्हणून त्यांनी खोक्यावर स्वतःची सही छापायला सुरुवात केली. ही सही नसेल तर माल अस्सल नाही, असं गिऱ्हाइकाला बजावलं. पदार्थाचं नाव अडवता येत नव्हतं, तेव्हा त्यांनी स्वतःचं नाव पुढे केलं.

पण त्यांचं आडनाव भावाचंही होतं. १९०८ मध्ये डॉक्टरांनी आपल्या खाद्यपदार्थांच्या कंपनीला 'केलॉग फूड कंपनी' असं नाव दिलं. मग दावे आणि प्रतिदावे सुरू झाले. डॉक्टरांचं म्हणणं, केलॉग हे नाव जगाला माहीत झालं ते माझ्या वैद्यकीमुळे आणि पुस्तकांमुळे. विल यांचं म्हणणं, दुकानात जाऊन लोक केलॉग मागतात ते माझ्या जाहिरातींमुळे. १९२० मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने विल यांच्या बाजूने निकाल दिला. थोरल्या भावाला नाश्त्याच्या बाजारात स्वतःचंच आडनाव मोकळेपणाने लावता येईना.

दोघेही ९१ वर्षं जगले आणि शेवटपर्यंत दुरावलेलेच राहिले. आयुष्याच्या अखेरीस डॉक्टरांनी धाकट्या भावाला माफीचं पत्र लिहिलं होतं. त्यात मालकांनी स्वतःला फार कमीपणा घेतला आहे, असं वाटून त्यांच्या सेक्रेटरीने ते पाठवलंच नाही. विल यांना ते वाचायला मिळालं तेव्हा डॉक्टर हयात नव्हते. क्षमावाणीच्या दिवशी आपण घरोघरी जाऊन हात जोडतो, 'मिच्छामि दुक्कडं' म्हणतो, ते उद्यावर का ढकलत नाही, हे मला या पत्राने पुन्हा सांगितलं.

देवाचं नाव खोक्यावर

पोस्ट यांनीही १९०४ च्या सुमारास मक्याचे पोहे आणले आणि त्याला नाव दिलं 'एलायजाज् मॅना'. एलायजा हा बायबलमधला संदेष्टा आणि मॅना म्हणजे भुकेल्यांसाठी आकाशातून देवाने पाठवलेलं अन्न. धर्मगुरू भडकले. ब्रिटनने हे नाव नोंदवून घ्यायला नकार दिला. शेवटी १९०८ मध्ये त्याच पोह्यांचं नाव 'पोस्ट टोस्टीज' झालं.

मला त्या धर्मगुरूंचं म्हणणं पटतं. खोकं संपलं की ते कचऱ्यात जातं. त्यावर पूज्य नाव असलं तर तेही कचऱ्यात जातं. आपल्याकडे भगवंतांच्या नावाची, चित्राची अशी आशातना रोज होते, अगदी लग्नाच्या मिठाईच्या खोक्यावरही. आपला १९९९ चा ट्रेडमार्क कायदा धार्मिक भावना दुखावणारं चिन्ह नोंदवू देत नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'रामायण' हे नाव अगरबत्तीसाठी एकट्याच्या मालकीचं करून द्यायला नकार दिला, कारण पवित्र ग्रंथाच्या नावावर कुणा एकाचा हक्क असू शकत नाही. पण कायदा मालकी नाकारतो, छापणाऱ्याचा हात दर वेळी धरत नाही. तो आपणच आवरायला हवा. मैत्रिणींनो, घरच्या उद्योगाला तीर्थंकरांचं नाव द्यायचा मोह होतो, त्यामागे भक्तीच असते. तरी ते पाकीट फाडलं कसं जाईल आणि पडेल कुठे, याचा आधी विचार करा.

पेटंट संपलं, मग नाव कुणाचं?

आता मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटणारा खटला सांगते. हेन्री पर्की नावाच्या गृहस्थांनी १८९० च्या दशकात शिजवलेल्या गव्हाचे शेवयांसारखे तंतू काढायचं यंत्र केलं. हे तंतू एकावर एक रचून, छोट्या उशीसारखा आकार देऊन भाजायचे. पदार्थाचं नाव 'श्रेडेड व्हीट', म्हणजे तंतू काढलेला गहू. यंत्राचं आणि पदार्थाचं पेटंट होतं तोवर दुसऱ्या कुणाला तो करता येत नव्हता. १९१२ मध्ये पेटंटची मुदत संपली.

पुढे विल यांची केलॉग कंपनी तसाच पदार्थ त्याच नावाने विकू लागली. मूळ कंपनी १९३० मध्ये नॅशनल बिस्किट कंपनीने विकत घेतली होती. तिने दावा लावला. श्रेडेड व्हीट हे नाव आमचं, उशीचा आकारही आमचा. इतकी वर्षं जाहिरात आम्ही केली, लोकांना सवय आम्ही लावली, आता हे आयते कोण?

१९३८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा सारांश आपल्या भाषेत असा. या पदार्थाला लोक दुसरं काही म्हणतच नाहीत, तेव्हा हे पदार्थाचं नाव झालं, कंपनीचं राहिलं नाही. पेटंट म्हणजे समाजाशी केलेला करार. ठरलेली वर्षं एकट्याने कमवा, मग पदार्थ सगळ्यांना मोकळा करा. पदार्थ मोकळा केला आणि नाव अडवून ठेवलं तर तो मोकळा झालाच नाही. आकाराचंही तेच. मात्र केलॉगने आपला माल आपलाच आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट कळेल असं केलं पाहिजे. केलॉगच्या खोक्यावर तिचं नाव होतं, खोकं वेगळं होतं आणि बिस्किटंही मूळच्यापेक्षा लहान, साधारण दोन-तृतीयांश आकाराची होती. तेवढं पुरेसं आहे, असं न्यायालयाने मानलं.

समजा उद्या एका ताईने बाजरीचा फुगवलेला खाकरा शोधला. लोक त्याला 'फुगा खाकरा' म्हणू लागले. पाच-दहा वर्षांनी शेजारच्या गावातल्या वहिनीही फुगा खाकरा करू लागल्या. ताईला वाईट वाटणं स्वाभाविक आहे. पण वहिनींनी आपल्या खाकऱ्याला काय म्हणावं? 'बाजरीची फुगलेली ती वस्तू' म्हणत बसावं का? शब्द अडवला की माणूसच अडतो. मला हा निकाल न्याय्य वाटतो, आणि धाकट्या धंद्यांना जगू देणारा वाटतो.

मनुका, ओट्स आणि पिवळा रंग

अशी प्रकरणं पुढेही होत राहिली. नेब्रास्कातल्या ओमाहा शहरातली एक मॅकरोनी बनवणारी कंपनी कोंड्यात मनुका घालून 'रेझिन-ब्रॅन' या नावाने विकत होती. मोठ्या कंपन्यांनी तेच नाव घेतलं तेव्हा ती कोर्टात गेली. १९४४ मध्ये न्यायालय म्हणालं, मनुका आणि कोंडा असलेल्या पदार्थाला मनुका-कोंडा म्हणणं हे वर्णन आहे, मालकीचं नाव नव्हे. इथे हरणारी कंपनी लहान होती हे लक्षात घ्या. मोठ्याने अडवू नये हा नियम लहानालाही लागू पडतो.

जनरल मिल्स कंपनीने १९४१ मध्ये 'चीरीओट्स' आणलं. नावात 'ओट्स' आल्यामुळे क्वेकर ओट्स कंपनीने आक्षेप घेतला आणि १९४५ मध्ये त्याचं 'चीरिओज' झालं. हीच जनरल मिल्स पुढे म्हणू लागली की चीरिओजच्या खोक्याचा पिवळा रंगही आमचाच. २०१७ मध्ये अमेरिकेच्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या मंडळाने तो अर्ज फेटाळला, कारण पिवळी खोकी इतरही कितीतरी जणांची आहेत. आणि तो सुरुवातीचा 'ग्रॅनोला' आठवतो ना? ऑस्ट्रेलियात त्याची नोंदणी ॲडव्हेंटिस्ट पंथाच्याच सॅनिटेरियम या कंपनीकडे होती. तिने एका छोट्या बेकरीवर दावा लावला. २०१२ मध्ये बेकरी जिंकली, कारण तिने तो शब्द पदार्थाचं वर्णन म्हणून वापरला होता.

आपल्या देशातलंही एक उदाहरण आहे. केलॉग १९९४ मध्ये भारतात आली. नवी मुंबईजवळ तळोज्याला तिचा कारखाना आहे. दुसऱ्या एका भारतीय विक्रेत्याचं कॉर्नफ्लेक्सचं खोकं आपल्यासारखं दिसतं, अशी तक्रार घेऊन ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. १९९६ मध्ये न्यायालयाने तात्पुरती मनाई द्यायला नकार दिला. एका खोक्यावर 'केलॉग्ज' आणि दुसऱ्यावर 'एम्स ॲरिस्टो' असं ठळक लिहिलेलं आहे, तेव्हा गिऱ्हाईक फसणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं.

नाव बदललं, साखर तशीच

कंपन्या नावासाठी भांडत होत्या, तोवर आतला पदार्थ बदलत गेला. डॉ. केलॉग साखरेचे कट्टर विरोधक. त्यांच्याच आडनावाच्या खोक्यातून १९५२ मध्ये 'शुगर फ्रॉस्टेड फ्लेक्स' निघाले, १९५३ मध्ये 'शुगर स्मॅक्स'. त्या काळी साखर हा शब्द पुढच्या बाजूला मिरवायचा होता. १९८० च्या दशकात आया साखरेला घाबरू लागल्या, तेव्हा पहिल्याच्या नावातून 'शुगर' गळलं आणि दुसऱ्याचं 'हनी स्मॅक्स' झालं. साखर काही खोक्यातून गेली नाही, ती फक्त नावातून गेली.

आणि नावात तिच्या जागी आला मध! इथे आपला थेट संबंध येतो. मध आपल्याला वर्ज्य. पण भारतात पाकिटावरचा हिरवा ठिपका मधाला अडवत नाही. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत मांसाहारी पदार्थाची व्याख्या आहे, तिच्यातून दूध आणि दुधाचे पदार्थ, मध, मधमाशांचं मेण आणि शेलॅक वगळलेले आहेत. शेलॅक म्हणजे लाखेच्या किड्यांपासून मिळणारी लाख, गोळ्या-चॉकलेटांना चकाकी आणायला वापरतात ती. म्हणजे हिरवा ठिपका खोटं बोलत नाही, पण तो आपला प्रश्न विचारतच नाही. परदेशात असलेल्या आपल्या लेकी-सुनांना तर तोही आधार नाही. अमेरिकेत लकी चार्म्समधल्या रंगीत मार्शमेलोंमध्ये आणि फ्रॉस्टेड मिनी-व्हीट्समध्ये जिलेटिन असतं, जे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. पुढच्या बाजूला मात्र गहू आणि ओट्सची गोड चित्रं. म्हणून खोक्याची मागची बाजू, बारीक अक्षरातली घटकांची यादी, चष्मा लावून वाचायची.

आता आपल्याकडे बघू

आमच्या महिला मंडळात मागे असाच वाद निघाला. एकीने कांदा-लसूण-बटाटा नसलेला मक्याचा चिवडा 'जैन चिवडा' म्हणून विकायला काढला. वर्षभरात दुसरीनेही त्याच नावाची पाकिटं काढली. पहिली म्हणाली, नाव मी आधी लावलं. दोघी माझ्या जवळच्या, आणि दोघींचा चिवडा छान. मी त्यांना श्रेडेड व्हीटची गोष्ट सांगितली. 'जैन चिवडा' हे वर्णन आहे, ते दोघींचंही आहे आणि तिसरीचंही.

मग आपलं असं काय राखायचं? आपल्या समोरचं उत्तम उदाहरण म्हणजे लिज्जत. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. १९६२ मध्ये स्पर्धा घेऊन 'लिज्जत' हे नाव ठरवलं. पापड कुणीही लाटावा, लिज्जत मात्र त्यांचं. तुम्हीही असंच करा. स्वतःचा वेगळा शब्द निवडा. 'शुद्ध', 'घरगुती', 'चविष्ट' असे गुण सांगणारे शब्द सहसा नोंदवता येत नाहीत. वेगळं नाव असेल तर खाकरे-चिवड्यासाठी ३० व्या वर्गात अर्ज करता येतो. एकटीच्या नावाने ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. नोंदणी दहा वर्षं टिकते, मग नूतनीकरण. वर्तुळातलं 'आर' चिन्ह मात्र नोंदणी झाल्यावरच छापायचं. आणि आडनावाच्या भरवशावर राहू नका. आपला कायदा प्रत्येकाला स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरू देतो. आपल्यात शहा, पाटील, चौगुले किती आहेत ते मी सांगायला नको.

आता राहिला 'जैन' हा शब्द. तो कुणा एकीचा होऊ नये, हे ठीक. पण जो शब्द कुणाचाच नाही त्याची राखणही कुणी करत नाही. हॉटेलात 'जैन' म्हणून मागवलेल्या भाजीत आलं-बटाटा निघतो, हे आपल्याला नवीन नाही. शाकाहाराला हिरवा ठिपका आहे, आता वीगन पदार्थांसाठीही सरकारी चिन्ह आहे. 'जैन' या शब्दामागे तसं काही नाही. छापणाऱ्याची नियत, एवढीच खात्री.

यावर वाट दाखवते तीही एक नाश्त्याचीच पेटी. अमेरिकेत चीरिओजच्या खोक्यावर एक बारीक खूण असते, वर्तुळात 'यू' हे इंग्रजी अक्षर. ज्यू लोकांच्या आहारनियमांत बसणाऱ्या, म्हणजे 'कोशर' पदार्थांवर ती असते. 'कोशर' हा शब्द कुणाच्या मालकीचा नाही. नुसतं 'के' हे अक्षरही कुणाला नोंदवता येत नाही, त्यामुळे ते कुणीही छापू शकतो. पण वर्तुळातला 'यू' ऑर्थोडॉक्स युनियन या त्यांच्या संस्थेच्या नावावर नोंदलेला आहे. संस्थेची माणसं कारखान्यात जाऊन बघतात, घटक तपासतात, तेव्हाच ती खूण मिळते. परवानगीशिवाय छापली तर संस्था कोर्टात खेचू शकते. (परदेशातल्या मैत्रिणींनो, ही खूण त्यांच्या नियमांची आहे. तिच्यावरून पदार्थ आपल्याला चालेल असं समजू नका.)

आपल्या कायद्यातही याची सोय आहे. त्याला सर्टिफिकेशन मार्क म्हणतात, लोकरीच्या कपड्यांवर वुलमार्क असतो तसा. त्याची अट मला फार आवडली. ज्या मालाची खात्री द्यायची तो माल त्या संस्थेने स्वतः विकायचा नाही. शिवाय नियम लिहून नोंदणी कार्यालयात द्यावे लागतात, म्हणजे ते सगळ्यांना वाचता येतात.

यावर दोन आक्षेप मला आधीच ऐकू येताहेत. पहिला, 'जैन' म्हणजे काय यावर आपलंच एकमत कुठे आहे? कुणी पर्वतिथीला हिरवी भाजी खात नाही, कुणी खातं. कुणाला सुंठ-हळद चालते आणि ओलं आलं-हळद चालत नाही. खरं आहे. म्हणून सगळ्या आचारांची व्याख्या करायला जाऊच नये. जिथे मतभेद नाहीत तेवढंच घ्यावं. कंदमूळ नाही, मध नाही, अंडं नाही, जिलेटिन-शेलॅक नाही. बाकीचं ज्याने त्याने आपल्या नियमाप्रमाणे घटक वाचून ठरवावं.

दुसरा आक्षेप, याचा खर्च घरी चिवडा करणाऱ्या बाईला झेपेल का? हा आक्षेप जास्त खरा आहे. तपासणीचं शुल्क मोठ्या कारखान्याला आणि घरगुती उद्योगाला एकच ठेवलं तर खूण मोठ्यांचीच होईल, आणि शब्द अडवण्याचा तोच खेळ पुन्हा सुरू होईल. म्हणून हे काम गावोगावच्या महिला मंडळांनी घ्यावं असं मला वाटतं. स्वयंपाकघरातलं तपासायला स्वयंपाकघर जाणणारी बाईच हवी. साठीतल्या आपल्या सासवा आणि काकी कुठल्या पिठात काय मिसळलंय ते नुसत्या वासाने ओळखतात. त्यांच्याइतका चोख निरीक्षक कुठे मिळेल?

२०२३ मध्ये केलॉग कंपनीचे दोन भाग झाले. अमेरिका-कॅनडातल्या नाश्त्याच्या धंद्याला विल यांचंच नाव दिलं, आणि २०२५ मध्ये तो धंदा इटलीच्या फेरेरो कंपनीने विकत घेतला. ज्या नावासाठी भाऊ भावाला दुरावला, ते नाव आता तिसऱ्याच घराच्या वहीत आहे. आपल्याकडे नावासाठी भांडण्याइतका वेळ असेल तर तो खूण तयार करण्यात घालवू या.

तुमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. त्याआधी एक करा. आज घरातल्या डब्यात जेवढी हिरव्या ठिपक्याची पाकिटं आहेत ती बाहेर काढून त्यांच्या मागच्या याद्या वाचा, आणि मध किंवा शेलॅक किती पाकिटांत निघालं ते मला कळवा.

जय जिनेंद्र.